मालिका पुसली जाते, कादंबरी राहते : प्रकाशकांना आणि वाहिन्यांना खुले पत्र

प्रति,
विज्ञान-मालिकांवरून कादंबऱ्या काढणारे प्रकाशक आणि त्या मालिकांचे हक्क सांभाळणाऱ्या वाहिन्या यांस,

सप्रेम नमस्कार.

मालिकेवरून काढलेली कादंबरी तुमच्याकडे बहुतेक वेळा जाहिरातीच्या खात्यात जमा असते. मालिका सुरू होण्याच्या सुमारास ती बाजारात आली पाहिजे, मुखपृष्ठावर नटनट्यांचे चेहरे पाहिजेत आणि मालिकेची चर्चा ओसरली की पुस्तक मिळेनासं झालं तरी कोणाची हरकत नाही, असा एकूण व्यवहार. लेखकाच्या हाती पडतो तो पटकथेचा एखादा खर्डा, तोही अनेकदा चित्रीकरण पुरं व्हायच्या आधीचा. वरून घाई. माझं म्हणणं असं की ही कादंबरी मालिकेची साक्षीदार असते, कधी कधी तर एकुलती एक. साक्षीदाराला सांभाळावं लागतं. आणि त्याने डोळ्यांनी पाहिलेलं काय, मनाने घातलेलं काय, हेही त्याला विचारून ठेवावं लागतं. आज यातलं काहीच नीट होत नाही, म्हणून हे पत्र.

१९६१च्या ऑक्टोबरात बीबीसीने ‘ए फॉर अँड्रोमेडा’ नावाची सात भागांची मालिका दाखवायला सुरुवात केली. कथा खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांची, आणि तिला पडद्याचं रूप दिलं बीबीसीचे पटकथाकार जॉन एलियट यांनी. एका नव्या रेडिओ दुर्बिणीला देवयानीच्या, म्हणजे इंग्रजीतल्या अँड्रोमेडा तारकासमूहाच्या, दिशेकडून संदेश मिळतो. जॉन फ्लेमिंग हा तरुण शास्त्रज्ञ तो उलगडतो, तेव्हा लक्षात येतं की त्यात अभिवादन नाही, ख्यालीखुशाली नाही. एक प्रचंड संगणक कसा बांधायचा याच्या सूचना आहेत. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या लष्करी तळावर तो बांधला जातो. मग तो संगणक माणसांनाच प्रश्न विचारू लागतो, त्यांच्या सजीवसृष्टीची घडण समजून घेतो आणि शेवटी प्रयोगशाळेत एक जीव घडवून घेतो. ही अँड्रोमेडा. ज्युली ख्रिस्ती यांनी ही भूमिका केली, तेव्हा त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं.

काळ लक्षात घ्या. परग्रहावरचे संदेश रेडिओ लहरींतून शोधता येतील हे कोक्कोनी आणि मॉरिसन या भौतिकशास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात मांडलं १९५९ साली. खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी तशा संदेशांसाठी दुर्बीण प्रत्यक्ष ताऱ्यांकडे वळवली १९६०मध्ये. डीएनएची रचना कळून जेमतेम आठ वर्षं झाली होती. या तिन्ही गोष्टी एकत्र आणून हॉइल यांनी एक विचार मांडला : दुसऱ्या ग्रहावर जायला यान कशाला हवं, सूचना पाठवल्या की पुरे, बांधकाम तिथले लोकच करतील. आज संगणकात शिरणाऱ्या घातक प्रोग्रामबद्दल आपण जे बोलतो, त्याची मूळ कल्पना इथे सबंध आहे. बीबीसीच्या कृष्णधवल पडद्यावर सामान्य प्रेक्षकांनी ती आठवड्याला एक भाग या हिशेबाने पाहिली.

आणि मग ती पुसली गेली.

सात भागांपैकी सबंध उरला आहे तो एक, सहावा. बाकीच्यांचे तुकडे आणि पडद्यावरून काढलेली छायाचित्रं. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. त्या काळी चित्रफीत महाग होती आणि तिच्यावर पुन्हा चित्रण करता येत असे, त्यामुळे फीत रिकामी करणं म्हणजे काटकसर. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. जे पुन्हा दाखवायचं नाही ते ठेवायचं कशाला, असा सरळ हिशेब. घरी चित्रफीत लावून पाहण्याची सोय अजून जन्मायची होती. बीबीसीत ही पुसापुशी सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालली.

पण हॉइल आणि एलियट या दोघांनी मिळून १९६२मध्ये त्याच कथेची कादंबरी काढली होती. मालिका मूळ आणि कादंबरी तिच्यावरून, हा क्रम इथे महत्त्वाचा. आज ही कथा अथपासून इतिपर्यंत ज्यांनी घडवली त्यांच्याच शब्दांत कोणाला हवी असेल तर ती या पुस्तकातच मिळते. इटलीच्या ‘राय’ वाहिनीने १९७२मध्ये पाच भागांत ती पुन्हा उभी केली, बीबीसीनेही २००६मध्ये नवी आवृत्ती काढली. दोन्ही आपापल्या जागी आहेत, पण ती दुसऱ्यांची कामं.

हे पुस्तक मला एवढं मोलाचं का वाटतं, ते एका प्रसंगावरून सांगते. ख्रिस्तीन ही प्रयोगशाळेतली तरुण सहायक. त्या संगणकाला बाहेरच्या बाजूला विद्युतभारित टोकं आहेत, ती कशासाठी ते कोणालाच नीट कळलेलं नाही. एके दिवशी ख्रिस्तीन त्या टोकांना हात लावते आणि जागीच मरते. काही काळाने प्रयोगशाळेत जी मुलगी ‘तयार’ होते ती हुबेहूब ख्रिस्तीनसारखी दिसते. पडद्यावर हा धक्का चेहऱ्याने बसतो, कारण दोन्ही भूमिका एकाच अभिनेत्रीने केल्या आहेत. प्रेक्षकाला काही समजावून सांगायची गरजच नाही. कागदावर चेहरा नसतो. मग भीती येते कुठून? ती येते फ्लेमिंगच्या तर्कातून. यंत्राला माणसाचा आराखडा हवा होता आणि तो त्याने त्या एका क्षणात घेतला, या निष्कर्षाकडे वाचक त्याच्याबरोबर पायरी पायरीने जातो. एकच घटना, पण भीती पोचवायच्या वाटा निराळ्या. चांगली मालिका-कादंबरी हे ओळखते. वाईट कादंबरी ‘तिचा चेहरा पाहून सगळे थक्क झाले’ असं लिहून मोकळी होते.

आणखी एक. या कथेत सरकारला यंत्राचा धोका कळत नाही असं मुळीच नाही. फ्लेमिंग कंठशोष करून सांगत असतो. पण यंत्राने क्षेपणास्त्रं पाडायचं तंत्र दिलेलं आहे, जखमा भरून काढणारं विकर (एन्झाइम) दिलेलं आहे, त्या विकरावर एका आंतरराष्ट्रीय व्यापारी संघाशी सौदा ठरतो आहे. जी वस्तू उपयोगी पडू लागली ती बंद कोण करणार? बैठकीमागून बैठक होते आणि दर बैठकीला यंत्र थोडं अधिक आवश्यक होऊन बसतं. मालिकेत हे कसं दिसलं असेल याचा अंदाजच करावा लागतो. कादंबरीत ते जसंच्या तसं आहे, आणि साठ वर्षांनंतर वाचतानाही अंगावर येतं.

मराठी वाचकाला या पुस्तकाची ओढ वाटावी असं एक वेगळंही कारण आहे. ही मालिका चालू होती तेव्हा जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करत होते. पुढे १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि आपल्याकडच्या विज्ञानकथेला एक भक्कम हात मिळाला. त्यांची ‘वामन परत न आला’ ज्यांनी वाचली आहे त्यांना, कोणा अनोळखी संस्कृतीने मागे ठेवलेल्या सूचनांवरून यंत्र बांधायचं की नाही हा पेच चांगला परिचयाचा असेल. कोणी कोणाकडून काय घेतलं हे मला सुचवायचं नाही. शास्त्रज्ञाने स्वतः लिहिलेल्या विज्ञानकथेची एक जात असते, तिच्यात प्रश्न खरा असतो आणि उत्तराची घाई नसते. ती जात ओळखायला हॉइल-एलियट यांची कादंबरी हाताशी असावी लागते. ती छापलीच गेली नसती तर? उरलेल्या एका भागावरून आणि काही छायाचित्रांवरून काय कळणार होतं?

आता बीबीसीच्याच ‘डॉक्टर हू’ या विज्ञान-मालिकेकडे वळते, काळात आणि अवकाशात भटकणाऱ्या ‘डॉक्टर’ची ही कथा, कारण या प्रकाराचा सगळ्यात मोठा अनुभव तिथे जमा झाला आहे, आणि तुमच्या आजच्या पद्धतीला लागणारे बहुतेक धडेही तिथेच आहेत.

ही मालिका सुरू झाली २३ नोव्हेंबर १९६३ला. वर्षभरातच, १९६४च्या नोव्हेंबरात, तिच्यावरची पहिली कादंबरी आली. लेखक डेव्हिड व्हिटेकर, म्हणजे मालिकेचेच पहिले पटकथा-संपादक. कथा डॅलेकांची, म्हणजे यंत्रकवचातल्या परग्रही शत्रूंची, टेरी नेशन यांच्या सात भागांवरची. पण प्रक्षेपणात ती दुसरी कथा होती. डॉक्टर कोण, शाळेतले दोन शिक्षक त्याच्या यानात शिरले कसे, हे सगळं पहिल्या कथेत घडून गेलेलं. पुस्तक हाती घेणाऱ्या नव्या वाचकाला ते कुठून माहीत असणार? तेव्हा व्हिटेकर यांनी सुरुवातच बदलली. गोष्ट सांगतो इयन, मालिकेतल्या त्या दोन शिक्षकांपैकी एक, ‘मी’ म्हणून. दाट धुक्यात, लंडनच्या बार्न्स कॉमनवर, रस्त्यात झालेल्या अपघातापाशी त्याची दुसऱ्या शिक्षिकेशी, बार्बराशी, गाठ पडते आणि तिथून दोघं डॉक्टरच्या यानापर्यंत पोचतात. दूरदर्शन संचावर जे घडलं त्याच्याशी याचा काडीचा संबंध नाही. तरी ते पुस्तक खोटं वाटत नाही, कारण लिहिणाऱ्याला मालिका आतून माहीत होती. कुठला खांब हलवला तर छप्पर कोसळेल आणि कुठला हलवता येईल याची त्याला जाण होती.

१९७३मध्ये ‘टार्गेट’ या छापाने व्हिटेकर यांची दोन आणि बिल स्ट्रटन यांचं एक अशी जुनी तीन पुस्तकं पुन्हा काढली, आणि १९७४च्या आरंभापासून नवी येऊ लागली. त्या पहिल्या खेपेतलं माल्कम हल्क यांचं पुस्तक मी या सगळ्या परंपरेत फार वरचं मानते. १९७०मध्ये आलेली त्यांची सात भागांची कथा अशी : माणसाच्या कितीतरी आधी पृथ्वीवर बुद्धिमान सरपटणारे जीव राहत होते, संकट येतंय असं पाहून ते जमिनीखाली दीर्घ निद्रेत गेले, आणि आता जागे होऊन आपली पृथ्वी परत मागताहेत. पडद्यावर रबरी मुखवट्यांतले नट होते. त्या जीवांना नावंसुद्धा नव्हती. एक म्हातारा, एक तरुण, एक शास्त्रज्ञ, एवढीच ओळख. हल्क यांनी पुस्तकात त्यांना नावं दिली : ओक्डेल, मोर्का, क्टो. आणि पुस्तक सुरू केलं ते माणसांकडून नाही. आभाळात एक लहानसा ग्रह जवळ येतो आहे, आणि ती जमात जमिनीखाली झोपायला निघाली आहे. वाचक पृथ्वीकडे पहिल्यांदा पाहतो तो त्यांच्या डोळ्यांनी. त्यामुळे पुढे माणसं पुस्तकात येतात तेव्हा ती आपली वाटायच्या आधी क्षणभर परकी वाटतात. शेवटी त्या जीवांच्या गुहांचं जे होतं ते मालिकेतही होतं, पण पुस्तक वाचून आलेल्याला ते सहन होत नाही.

हे हल्क करू शकले कारण पटकथा त्यांची होती आणि प्रकाशकाने त्यांना मोकळीक दिली. सव्वाशे-दीडशे पानांचं, मुलांसाठी म्हणून छापलेलं स्वस्त पुस्तक होतं ते. पानं कमी होती, पण हात बांधलेले नव्हते.

त्याच छापाखाली टेरन्स डिक्स यांनी साठाहून अधिक कथा कादंबरीरूपात आणल्या. मालिका सहसा पुन्हा दाखवली जात नव्हती आणि तिची पहिली चित्रफीत विक्रीला आली ती १९८३मध्ये. मधल्या काळात जुना डॉक्टर मुलांना भेटला तो डिक्स यांच्या साध्या, नेटक्या गद्यात. ब्रिटनमधल्या कितीतरी लेखकांनी आपल्या वाचनाची सुरुवात या पुस्तकांनी झाल्याचं सांगितलं आहे. त्यांची सगळी पुस्तकं एका तोलाची नाहीत, हेही म्हटलं पाहिजे. नंतरची काही पटकथेला ‘तो म्हणाला’ आणि ‘ती धावली’ जोडून केल्यासारखी वाटतात. एका माणसाच्या डोक्यावर इतकं काम लादलं की असंच होणार. त्याचा दोष मी लेखकाला देत नाही.

उलट, ज्यांना वेळ आणि मोकळीक मिळाली त्यांनी काय काय केलं ते पाहा. डोनाल्ड कॉटन यांनी ट्रॉयच्या युद्धावरची आपली कथा चक्क होमरच्या तोंडून सांगितली. रोमन काळावरची दुसरी एक कथा, मुळात डेनिस स्पूनर यांची, त्यांनी पत्रांच्या आणि टिपणांच्या रूपात बांधली. बेन आरोनोविच यांनी १९९०मध्ये आपल्याच चार भागांच्या कथेतल्या दुय्यम पात्रांना पूर्वायुष्य दिलं, आणि तेव्हापासून त्या पात्रांकडे पडद्यावरही वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. मालिकेत हॅरी सलिव्हनचं काम करणारे नट इयन मार्टर यांनी स्वतः अनेक पुस्तकं लिहिली. डग्लस ॲडम्स यांची ‘शाडा’ तर १९७९च्या संपामुळे अर्धवट चित्रित होऊन पडून राहिली. गॅरेथ रॉबर्ट्स यांनी तिची कादंबरी २०१२मध्ये पूर्ण केली.

इथपर्यंत गुणगान झालं. आता अडचणीची गोष्ट, आणि तुमच्याकडून मला सगळ्यात जास्त उत्तर हवं आहे ते याच बाबतीत.

साठच्या दशकातल्या ‘डॉक्टर हू’चे नव्वदहून अधिक भाग आज बीबीसीकडे नाहीत. अधूनमधून एखादा सापडतो. २०१३मध्ये नायजेरियातून नऊ भाग परत आल्याचं जाहीर झालं तेव्हा जगभरच्या चाहत्यांना किती आनंद झाला होता. पण बरेचसे अजून गेलेलेच आहेत. त्यांत १९६६ची एक चार भागांची कथा आहे, पॅरिसमधल्या १५७२च्या सेंट बार्थोलोम्यू हत्याकांडावरची. चारही भाग गेले. मूळ लेखक जॉन लुकारोटी. त्यांची पटकथा त्या वेळचे संपादक डोनाल्ड टॉश यांनी मोठ्या प्रमाणावर पुन्हा लिहिली, आणि प्रक्षेपित झाली ती ही दुसरी. पुढे १९८७मध्ये लुकारोटी यांनी कादंबरी लिहिली तेव्हा ते आपल्या मूळ कल्पनेकडे परत गेले. कादंबरीतला घटनाक्रम प्रक्षेपणापेक्षा बराच वेगळा आहे.

लेखकाचा हा हक्क आहे. मला तर ते पुस्तक आवडतं. पण कल्पना करा की कोणी वाचक हरवलेली मालिका जाणून घ्यायला ते उघडतो आणि मिटताना समजतो, १९६६मध्ये लोकांनी हेच पाहिलं. त्याला सावध कोण करणार? आज आपल्याला फरक सांगता येतो तो एका योगायोगामुळे. त्या काळात काही प्रेक्षक मालिका चालू असताना घरच्या टेपरेकॉर्डरवर आवाज टिपून ठेवत. मायक्रोफोन संचाच्या जवळ धरायचा आणि घरातल्या सगळ्यांना गप्प बसवायचं, एवढी त्यांची साधनं. या लोकांमुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी शिल्लक आहे. संस्थेने पुसलं आणि प्रेक्षकांनी राखलं. तसं कोणी केलं नसतं तर कादंबरीची साक्ष तपासायला काहीही नव्हतं.

‘ए फॉर अँड्रोमेडा’च्या बाबतीतही हाच प्रश्न उभा राहतो. पुस्तकातलं कुठलं वाक्य पडद्यावर उच्चारलं गेलं आणि कुठलं नंतर सुचलं? उरलेल्या सहाव्या भागापुरतं ताडून पाहता येतं. बाकीच्या ठिकाणी पुस्तकाच्या शब्दावर विसंबून पुढे जावं लागतं.

यावर तुम्ही म्हणाल, ही सगळी जुनी कथा झाली. आता सगळं डिजिटल आहे, काही पुसलं जात नाही. हे खरं नाही. ‘वेस्टवर्ल्ड’ ही विज्ञान-मालिका चार पर्वं चालली, आणि २०२२च्या अखेरीस तिच्याच वाहिनीच्या स्ट्रीमिंग सेवेवरून ती काढून टाकली गेली. ‘विलो’ ही मालिका २०२३मध्ये, आल्यापासून काही महिन्यांतच, डिस्नेच्या सेवेवरून उतरवली गेली. कारण पुन्हा खर्च आणि हिशेबच. फीत रिकामी करण्याऐवजी आता कळ दाबायची, एवढाच फरक. आणि ज्या मालिकांच्या डिस्क कधी निघाल्याच नाहीत त्या सेवेवरून उतरल्या की सामान्य प्रेक्षकाला कायमच्या अदृश्य होतात. हक्कदाराच्या कपाटात त्या शाबूत असतीलही. वाचकाला-प्रेक्षकाला त्याचा काय उपयोग?

म्हणून काही मागण्या. त्या अवघड नाहीत, आणि खर्चाच्या तर अजिबात नाहीत.

कादंबरी शक्यतो त्या माणसाकडून लिहून घ्या ज्याने मालिका लिहिली. तो मोकळा नसेल तर ज्याला ती आतून ठाऊक आहे अशाकडून. २०१८मध्ये ‘टार्गेट’ची परंपरा नव्याने सुरू झाली तेव्हा रसेल टी. डेव्हिस आणि स्टीव्हन मोफॅट यांनी आपापल्या कथांची पुस्तकं स्वतः लिहिली. डेव्हिस यांनी २००५च्या पहिल्या, पाऊण तासाच्या भागातून सबंध कादंबरी उभी केली आणि कुठे पाणी घातल्यासारखी वाटू दिली नाही. म्हणजे हे जमतं. इच्छा लागते. बाहेरचा लेखक घेणार असाल तर त्याला झालेलं चित्रीकरण दाखवा. नुसत्या खर्ड्यावरून लिहायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आणि वाचकावरही. खर्ड्यातला प्रसंग संकलनात उडालेला असतो, पुस्तकात मात्र तो ठाण मांडून बसतो, आणि पुस्तकात असं का आहे हे वाचकाला कधीच कळत नाही.

त्या वाचकासाठी दुसरी मागणी. प्रत्येक मालिका-कादंबरीच्या शेवटी दोन-तीन पानांचं टिपण द्या. पुस्तक पटकथेच्या कुठल्या टप्प्यावरून लिहिलं, पडद्यापेक्षा कुठे वेगळं आहे, लेखकाने जाणूनबुजून काय बदललं, कुठला प्रसंग चित्रित होऊन वगळला गेला. लेखकाला हे एका दुपारचं काम आहे. पन्नास वर्षांनी मालिका राहिली नाही तर त्या दोन पानांची किंमत आख्ख्या पुस्तकाएवढी होईल. ‘वाचकाचा रसभंग होतो’ हे कारण सांगू नका. टिपण शेवटी छापा. ज्याला नको तो वाचणार नाही.

पटकथाकाराचं नाव आतल्या पानावर बारीक टायपात न टाकता मुखपृष्ठावर टाका. मालिका एकाची आणि कादंबरी दुसऱ्याची असेल तर दोघांची. निर्मितिसंस्थेचं चिन्ह जेवढ्या आकारात छापता तेवढ्या आकारात.

आणि वाहिन्यांना स्वतंत्रपणे सांगते : मालिका सेवेवरून उतरवायचीच असेल तर निदान तिच्या कादंबरीचे हक्क अडवून ठेवू नका. दोन्ही गोष्टी एकदम बंद झाल्या की कथेपर्यंत जायचा रस्ताच उरत नाही. पुस्तकाची नवी आवृत्ती काढायला प्रकाशक तयार असतो आणि परवानगीचं पत्र वर्षानुवर्षं कुठल्या टेबलावर पडून असतं, असं होऊ नये. ई-पुस्तक उपलब्ध ठेवायला गोदाम लागत नाही. ग्रंथालयांना प्रती द्या. करारात एक कलम घाला की मालिका सार्वजनिकरीत्या पाहायला मिळेनाशी झाली तर कादंबरी उपलब्ध ठेवणं बंधनकारक राहील. आज नव्याने होणाऱ्या करारांत हे घालायला कोण अडवतं?

समीक्षक मंडळी या पत्राचा थेट पत्ता नाहीत, पण ती वाचत असतील तर त्यांनाही विनंती. मालिकेवरून आली म्हणून कादंबरी बाजूला ठेवू नका. नाटकावरून सिनेमा झाला, कादंबरीवरून नाटक झालं, तर आपण रूपांतर कसं साधलं हे आवर्जून पाहतो. पडद्यावरून कागदावर येताना मात्र तो प्रश्नच विचारला जात नाही. हल्क यांनी त्या मुक्या, निनावी जिवांना नाव आणि स्मृती दिली, हे लेखन म्हणून तपासावं अशा योग्यतेचं आहे. आणि जी पुस्तकं घाईत पाडलेली आहेत त्यांनाही तसं स्पष्ट म्हणा. सरसकट दुर्लक्षामुळे चांगल्याला न्याय मिळत नाही आणि वाईटाला लाज वाटत नाही.

शेवटी एक नेमकी मागणी. ‘ए फॉर अँड्रोमेडा’ची एक अभ्यासपूर्ण आवृत्ती निघावी अशी माझी फार इच्छा आहे. कादंबरीचा पूर्ण मजकूर, सोबत वाचलेल्या सहाव्या भागाचे संवाद, उरलेली छायाचित्रं त्या त्या प्रसंगापाशी, आणि दोन्हींत जिथे फरक दिसतो तिथे समासात टीप. वाचलेला भाग आणि छायाचित्रं एकत्र करून यापूर्वी डीव्हीडी निघालेली आहे, तेव्हा सामग्री विखुरलेली असली तरी मिळवता येण्याजोगी आहे. हक्क कोणाकोणाकडे विभागले गेले आहेत हे तुम्हालाच ठाऊक. एकत्र बसून तो गुंता सोडवणंही तुमच्याच हातात आहे. अशी आवृत्ती निघाली तर पहिल्या दिवशी ती घेणाऱ्यांत मी असेन, आणि मराठीत तिच्यावर लिहायची जबाबदारीही घेईन.

उत्तराची वाट पाहते. कळावे, लोभ असावा.

आपली,
विज्ञानकथांची एक वाचक